पडून पाहणारे उमाटेभाऊ

उमाटेभाऊ मोबाइलच्या दुकानात गेले की आधी आडवे होतात.

मी वाढवून सांगत नाही. मी तिथे होते. वर्ध्याच्या बाजारातलं ते दुकान काचेचं, आत गारवा, विकणारी मंडळी कडक इस्त्रीची. उमाटेभाऊंनी एक फोन हातात घेतला, मागून-पुढून पाहिला, चपला काढल्या, गिऱ्हाइकांसाठी ठेवलेल्या लांब बाकावरच्या दोन बायकांना "जरा सरका जी" म्हटलं आणि पिशवी उशाला घेऊन डाव्या कुशीवर पडले. फोन डोळ्यांसमोर धरला. दुकानातली विक्री थांबली.

"अक्षरं पडली," ते पडल्या पडल्या म्हणाले. "हा नाई चालत. दुसरा दाखवा."

"काका, फोन उभ्यानं पाहतात," विकणारा म्हणाला.

"उभ्यानं तं मले सारी दुनियाच चांगली दिसते. पडून पाह्य, मंग समजते."

दुसरा फोन आला, तिसरा आला. प्रत्येक वेळी अक्षरं पडली. शेवटी ते उठले, त्या दोन बायकांना जागा परत दिली आणि फोन न घेता बाहेर पडले. मी चार्जर घ्यायला गेले होते. चार्जर न घेताच त्यांच्या मागे निघाले, कारण दुकानातले सगळे आता माझ्याकडे पाहत होते.

उमाटेभाऊंची मूळ ओळख सांगायची तर त्यांचं गाद्यांचं दुकान. आता ते मुलगा गिरीश बघतो, पण गल्ल्यामागच्या भिंतीवर उमाटेभाऊंनी स्वतःच्या हाताने रंगवलेली पाटी अजून आहे : "पडून पाहा." त्यांचं म्हणणं असं की गादीवर बसून तिची परीक्षा घेणारा माणूस फसतो. गादी बसायची वस्तूच नाही. गिऱ्हाईक लाजलं तर हे स्वतः शेजारच्या गादीवर पडून दाखवत. बायका आल्या तर घरून वहिनींना बोलावून घेत आणि आपण पाठ करून रस्त्याकडे बघत उभे राहत.

आयुष्यभर लोकांना झोपताना पाहिल्यामुळे उमाटेभाऊ माणसाची पारख कुशीवरून करतात. "गिरीशचा सासरा उजव्या कुशीचा. भांडत नाई, पन मानत बी नाई." मला एकदा म्हणाले, "ताई, तुमी पाठीवर झोपता. हात छातीवर. उद्याच्या कामायची यादी करत." हे अगदी खरं आहे. मग माझ्या यजमानांकडे पाहून "साहेब पालथे," म्हणाले. तेही खरं आहे. त्यानंतर आम्ही दोघांनी त्या दुकानातून गादी घ्यायचं टाळलं.

गिरीशने नवीन घर घ्यायचं ठरवलं तेव्हा उमाटेभाऊ बिल्डरच्या नमुन्याच्या फ्लॅटमध्ये खोलीखोलीत फरशीवर पडून आले. "इथं पंखा बरोबर डोळ्यावर येते." बिल्डरने हसण्यावारी नेलं, मग स्वतः पडून पाहिलं आणि पंख्याचा हुक सरकवला. लग्नाचा हॉल, एसटी स्टँडचा बाक, मंडळाची नवी सतरंजी, सगळं पडून पाहायचं. पडलेले नसतात तेव्हा मात्र हा माणूस एका जागी ठरत नाही. चहा फिरत फिरत पितात. भजनात दोन कडव्यांच्या मध्ये उठून दारातल्या चपला ओळीत लावून येतात आणि पुढचं कडवं दारातूनच उचलतात. आवाज मात्र असा की दारातून आला तरी माइक नको.

भजन मंडळामुळेच माझा त्यांच्याशी रोजचा संबंध. मी मंडळाची सचिव. शाळेच्या ऑफिसात लिपिक आहे, कागद नीट ठेवायची सवय आहे, म्हणून हे काम माझ्याकडे आलं आणि परत कोणी घेतलं नाही. आमच्याकडे एकेका भजनाच्या चार वह्यांत चार तऱ्हा. कोकिळाबाई पेटीवर एक वही बघून वाजवतात, उमाटेभाऊ दुसरी बघून म्हणतात, मागचे लोक ज्याचा आवाज मोठा त्याच्या बाजूने जातात. त्यातून वीज गेली की सगळ्याच वह्या बंद.

म्हणून मी ठरवलं की मंडळाचं एक अ‍ॅप करायचं. सगळी भजनं एका ठिकाणी, एकच पाठ, मोठी अक्षरं, अंधारातही दिसतील अशी. माझी धाकटी जाऊ वैशाली कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. तिने करून द्यायचं कबूल केलं. केळझरला गणपतीच्या देवळापाशी आमचा कार्यक्रम ठरला होता, तोपर्यंत सगळ्यांच्या फोनमध्ये अ‍ॅप हवं, असं मी आखून ठेवलं. काम वेळेत चाललं होतं. मग आम्ही ते मंडळात सगळ्यांना दाखवायला ठेवलं, आणि उमाटेभाऊ नव्या सतरंजीवर डाव्या कुशीवर पडले.

"अक्षरं पडली," ते म्हणाले.

भानगड अशी होती. फोन उभा धरला की अक्षरं उभ्या पानावर दिसतात. आडवा केला की तीच अक्षरं फिरून आडव्या पानावर येतात. बसलेल्या माणसाला ही सोयच. पण कुशीवर पडलेला माणूस फोनही स्वतःसारखाच आडवा धरतो. फोनला वाटतं, आपल्याला कोणी फिरवलं. तो अक्षरं जमिनीच्या हिशेबाने सरळ करतो आणि ती पडलेल्या डोळ्यांना तिरपी होतात. मान मोडून वाचावी लागतात.

मी कामाची बाई. मी त्यांच्या फोनवर वरून बोट ओढलं आणि स्क्रीन फिरणं बंद करायचं बटण दाखवलं. "हे दाबून ठेवा. झालं."

ते पुन्हा पडले. फोनमधलं बाकी सगळं जागच्या जागी राहिलं. फक्त आमचं अ‍ॅप तेवढं फिरलं.

"वैशाली!" मी हाक मारली.

"ताई, ते मी मुद्दाम केलंय," वैशाली म्हणाली. "कोकिळाबाई फोन पेटीवर आडवा ठेवतात, त्यांना अक्षरं मोठी लागतात. अन् अर्ध्या लोकांच्या फोनमध्ये फिरणं बंद करून ठेवलेलं असते, त्यांना माहीतच नाही. म्हणून आपलं अ‍ॅप त्या बटणाचं ऐकतच नाही. फोन फिरला की ते फिरते."

"ते बेस केलं व पोरी," कोकिळाबाई पेटीमागून म्हणाल्या. "उभ्या फोनमधी मले एक ओळ तीनदा तुटलेली दिसते."

"मंग पडलेल्या माणसाचं काय?" उमाटेभाऊ सतरंजीवरून म्हणाले.

"पडलेल्या माणसानं झोपावं," कोकिळाबाई म्हणाल्या, आणि सगळे हसले. उमाटेभाऊ हसले नाहीत. उठले, दारापर्यंत गेले, चपला ओळीत लावल्या आणि आपल्या चपला घालून घरी गेले.

मग सुरू झाला त्यांचा पिच्छा.

सकाळी मी फाटकातून दुधाची पिशवी उचलायला गेले की फाटकाच्या पलीकडे उमाटेभाऊ. "झालं का?" नाही म्हटलं की निघून जात, आणि मी चहा गाळेपर्यंत फोन. "वैशालीले सांगतलं का?" दुपारी शाळेच्या खिडकीशी. एकदा मी आत रजिस्टर लिहीत होते तेव्हा ते भेटायला आलेल्यांच्या बाकावर पडून वाट बघत राहिले. मुख्याध्यापकांना वाटलं, पालकाला भोवळ आली. त्यांनी शिपायाला पाणी आणायला पिटाळलं. उमाटेभाऊंनी पाणी पिऊन टाकलं, आणि मुख्याध्यापकांना सांगितलं की हा बाक मधे खोल आहे, यावर बसणाऱ्याची कंबर जाईल.

"भाऊ, अक्षरं फिरण्याला कुलूप लावलं तर कोकिळाबाईंचं आडवं बंद होते," मी त्यांना समजावलं. "नाही लावलं तर तुमचं पडणं. एकाच्या सोयीसाठी दुसऱ्याची गैरसोय कशी करू?"

"दोन्ही करा ना. ज्याले जसं पाह्यजे तसं."

हेच मी वैशालीला विचारलं. ती म्हणाली, "करता येते ताई. अ‍ॅपमध्येच एक कुलपाचं बटण द्यायचं, ज्याचं त्याने ठरवायचं. पण एक बटण वाढवलं की सगळ्यांचे फोन मलाच येतात. कोणी चुकून दाबणार, मग म्हणणार अ‍ॅप बिघडलं. अन् एवढं सगळं एका माणसाला लोळत भजन वाचायचं म्हणून?"

तिचं म्हणणं मला पटलं. मी उमाटेभाऊंना तसं सांगितलं, जरा गोड करून.

त्यांनी ऐकून घेतलं. खिडकीच्या गजावर बोटांनी ठेका धरला, सोडला, पुन्हा धरला. "मंग मी केळझरले येत नाई," म्हणाले.

आता हा धाक होता, आणि खरा होता. उमाटेभाऊंशिवाय आमचं मंडळ म्हणजे पेटी आणि खोकला. मी चिडले. "भाऊ, भजन पडून म्हणायची गोष्ट आहे का? कोण म्हणतं पडून?"

ते रस्त्याकडे वळले. "म्हणत असन कोनी," म्हणाले आणि गेले.

इथे श्रावण लाखेंबद्दल सांगायला हवं, कारण उमाटेभाऊंचं कुठलंच बोलणं त्यांच्याशिवाय पूर्ण होत नाही. श्रावण लाखे म्हणजे आमच्या मंडळाचे जुने खंजिरी वाजवणारे, बोर धरणाकडच्या हिंगणीचे. उमाटेभाऊ त्यांचं नाव घेत नाहीत. "थो हिंगणीवाला" म्हणतात. पाऊस उशिरा आला तरी थो हिंगणीवाला असाच उशिरा येत होता, आणि डाळ शिजली नाही तरी थो हिंगणीवाला असाच कच्चा होता.

वैर पडलं ते सेलूच्या भजन स्पर्धेत. मंडळाच्या जुन्या बुवांनी रचलेलं एक भजन आमचं खास. शेवटच्या कडव्याआधी लय दुप्पट होते, पण त्याआधी गाणारा हात वर करून खूण करतो, मग खंजिरी सुटते. त्या दिवशी श्रावणभाऊ खुणेची वाट न बघता सुटले. उमाटेभाऊ मागे पडले, श्वास चुकला आणि शेवटचं कडवं त्यांनी गिळलं. नंबर गेला. परतीच्या गाडीत दोघे एका बाकावर बसले होते. ते उतरले वेगवेगळ्या दारांनी. तेव्हापासून बोलणं बंद. श्रावणभाऊंनी मंडळ सोडलं, आणि आम्ही ते शेवटचं कडवं म्हणायचं सोडलं. हळूहळू ते सगळे विसरले. एकाही वहीत ते नव्हतं.

अ‍ॅपसाठी भजनं गोळा करताना मी म्हटलं, हे कडवं मिळालंच पाहिजे. जुन्या लोकांना विचारलं. कोणाला पहिला शब्दही आठवेना. आणि एका सोमवारी सकाळी फाटकापलीकडून उमाटेभाऊंनी ते मला म्हणून दाखवलं :

"दार लोटू नका रे भाऊ, मागून कोणी येत आहे;
दमला असेल, थांबला असेल, पाऊल त्याचे चालत आहे."

मी तिथेच दुधाच्या पिशवीवर लिहून घेतलं. "भाऊ, आठवलं?"

"आठवलं."

"इतक्या वर्षांनी? कसं काय?"

"पडून," ते म्हणाले आणि पुढे चालू लागले.

राहिले होते एकटे श्रावणभाऊ. मंडळ सोडलं असलं तरी जुने सभासद, त्यांच्याही फोनमध्ये अ‍ॅप घालून द्यायचं माझ्या मनात होतं. मागच्या उन्हाळ्यात घरावरचे कवेलू, म्हणजे कौलं, फेरताना ते पडले, असं कानावर आलं होतं. आतापर्यंत उठून हिंडत-फिरत असतील, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. मी हा बेत बोलून दाखवला तर उमाटेभाऊ जागच्या जागी दोनदा वळले.

"त्याच्यापाशी कायले जाता? त्याले कायले पाह्यजे अक्षरं? थो बडवणारा माणूस."

"जुने सभासद आहेत भाऊ."

"घरी भेटत नाई थो. अन् भेटला तं उलटंच बोलते. नोको जाऊ."

त्यांनी नको म्हटलेली गोष्ट मी आधी करते, हा माझा अनुभवाने बनलेला नियम आहे. रविवार निवडला. रविवारी उमाटेभाऊ गादीपाट आणायला, म्हणजे गादीचं ते पट्ट्यापट्ट्यांचं कापड आणायला, नागपूरला जातात हे सगळ्या गल्लीला माहीत. मध्ये अडवायला कोणी नाही. वैशालीची गाडी होती, तिला म्हटलं, चल.

हिंगणीत लाखेंचं घर शोधावं लागलं नाही, पहिल्याच माणसाने दाखवलं. गाडी थांबवली तेव्हा अंगणात श्रावणभाऊंच्या पत्नी सिंधूबाई हरभरा पाखडत होत्या. मी मंडळाची म्हटल्यावर त्यांनी सूप खाली ठेवलं.

"या ना जी. जरा सावकाश जा अंदर. दोघायचं भांडण चालू हाय."

भांडण बाहेरपर्यंत येतच होतं.

"हळू वाच ना लेका! एसटी सुटून राह्यली का तुही?"

"तं तूच वाच!"

"मी काय वाचू? अक्षरं तिरपी झाली तुह्या त्या अ‍ॅपमधी. मान मोडू का मी? आधीच एवढा मोडला हाय."

"तुले तशी बी कुठं वाचता येतात."

"चौथी पास हाय मी. तू तं गादीवर लोळूनच मोठा झाला."

दुसरा आवाज आम्ही ओळखला. वैशालीने माझ्याकडे पाहिलं. आम्ही दारातच थांबलो.

आत एक रुंद दिवाण होता. त्यावरची गादी निळ्या पट्ट्यांची, लाल दोऱ्याच्या टाक्यांची. असे टाके वर्ध्यात एकाच दुकानात पडतात. गादीवर श्रावणभाऊ डाव्या कुशीवर पडलेले, पाठीमागे दोन लोड घट्ट लावलेले, कमरेखाली उशी. दिवाणाच्या कठड्याला खंजिरी बांधलेली, उजव्या हाताची बोटं पोचतील इतक्या अंतरावर. डोळ्यांसमोर एक लाकडी पाटा आणि त्याला त्याच लाल दोऱ्याने बांधलेला फोन. फोनमध्ये आमचं अ‍ॅप, अक्षरं श्रावणभाऊंच्या डोळ्यांना तिरपी पडलेली.

आणि त्यांच्यासमोर, हातभर अंतरावर, उजव्या कुशीवर पडलेले उमाटेभाऊ. स्वतःचा फोन नाकासमोर धरून एकेक ओळ वाचून दाखवत होते. त्यांच्या फोनवरही अक्षरं पडलीच होती. मान वाकडी करून ते वाचत होते. मला पहिल्यांदा जाणवलं ते दुसरंच. त्यांचा पाय हलत नव्हता. बोटं ठेका धरत नव्हती. इतके स्थिर उमाटेभाऊ मी कधी पाहिले नव्हते.

माझी बांगडी दाराला लागली. उमाटेभाऊंनी वर पाहिलं. मग ते उठले, एक चप्पल घातली, दुसरी शोधू लागले.

"गादीपाट न्यायले आलतो," म्हणाले.

"हो ना ताई," श्रावणभाऊ पडल्या पडल्या म्हणाले. "हिंगणीले गादीपाटाची लय मोठी बाजारपेठ हाय."

वैशाली हसली. मी म्हटलं, "भाऊ, तुमचं तर बोलणं बंद आहे."

"बंदच हाय," उमाटेभाऊ दिवाणाखाली चप्पल शोधत म्हणाले. "याच्याशी कोन बोलते?"

"रविवारी येते अन् दिवसभर शिव्या देते," श्रावणभाऊ म्हणाले. "मी पडलो त्याच्या दुसऱ्या दिवशी पयल्यांदा आला. दारातून म्हणते, खूण दिल्याबिगर पडला ना लेका? अन् मंग माहं आंथरूण पाहून रडला."

"मी नाई रडलो. रुई गेलती डोळ्यात."

"जुन्या गादीत रुई नोतीच. चिंध्या होत्या. तूच सांगतलं."

उमाटेभाऊंना चप्पल सापडली. पण त्यांनी ती घातली नाही. हातात घेऊन उभे राहिले आणि एकदम वैशालीकडे वळले. आवाज चढला होता, भांडताना चढतो तसा. "आता पाह्यलं ना? याले पाठीवर जमत नाई, बसणं तं नाईच. एकच कूस राह्यली. ताल याचा पक्का, पन शब्द कधीच पाठ नोते, माह्या तोंडाकडं पाहून वाजवे हा. अख्ख्या भजनातलं एकच कडवं येते याले, मी गिळलं थे. बाकी काईच नाई. माहं तोंड रविवारीच येते इथं. सिंधूबाई रोज सकाळपासून वावरात. बाकीचे सहा दिवस कोन वाचून दाखवन याले?"

"आम्हाला सांगायचं होतं भाऊ," मी म्हटलं.

"सांगतलं असतं तं सारेच आले असते, चक-चक करत. याले थे नाई पाह्यजे. म्हणे, भजन आण, माणसं नोको आणू."

"ह्याले बी नोको म्हटलं होतं," श्रावणभाऊ म्हणाले. "ऐकते थोडीच."

वैशाली इतका वेळ दाराशी उभी होती. तिने पर्स माझ्या हातात दिली, ओढणी खोचली आणि शेणाने सारवलेल्या त्या जमिनीवर, दिवाणाच्या बाजूला, डाव्या कुशीवर पडली. कॉलेजात शिकवणारी बाई. फोन डोळ्यांसमोर धरला. अ‍ॅप उघडलं. वाचायला मान वाकडी केली.

"अक्षरं पडली," ती म्हणाली.

"तेच तं म्हणून राह्यलो ना कवापासून!" उमाटेभाऊ ओरडले, आणि चप्पल पुन्हा दिवाणाखाली टाकून दिली.

कुलपाचं बटण तिने त्याच आठवड्यात घातलं. कोपऱ्यात, बारीक. दाबलं की अक्षरं फोनला धरून राहतात, फोन कसाही पडो. नाही दाबलं की कोकिळाबाईंचं आडवं चालू. तिने भाकीत केल्याप्रमाणे सगळ्यांनी चुकून दाबलं, आणि सगळ्यांचे फोन आले. मात्र ते तिला नाही, मला आले, कारण नंबर मी माझा दिला होता. उमाटेभाऊंनी मंडळात सतरंजीवर पडून पाहिलं, डावीकडून, उजवीकडून. "हं. राह्यते जागेवर," एवढंच म्हणाले. आभार मानले नाहीत. दुसऱ्या दिवशी वैशालीच्या घरी दोन उशा पोचल्या. ती कुठल्या कुशीवर झोपते, ते न विचारताच त्यांना कळलं होतं म्हणे. एक उशी उंच, एक बसकी.

हिंगणीचं आम्ही मंडळात कोणाला सांगितलं नाही. श्रावणभाऊंची तशी अट होती.

केळझरला उमाटेभाऊ आले. सगळ्यांच्या आधी आले, माइकवाल्याला त्रास दिला, सतरंजीच्या चारही कोपऱ्यांवरून हिंडले. भजन सुरू व्हायच्या आधी पिशवीतून तळहाताएवढी गिरदी काढली, निळ्या पट्ट्यांची, ती पेटीजवळ ठेवली आणि तिच्यावर आपला फोन ठेवला. फोन लागलेला होता.

"हे काय व नवीन?" कोकिळाबाईंनी मला विचारलं. "फोनले गादी?"

"असू द्या," मी म्हटलं.

आमचं ते खास भजन शेवटी घेतलं. कडवी झाली. लय दुप्पट व्हायची जागा आली आणि उमाटेभाऊंनी हात वर केला. इतक्या वर्षांत ती खूण आम्ही पाहिली नव्हती. पेटी थांबली. नवीन खंजिरीवाला गोंधळून थांबला. देवळाच्या पायऱ्यांवर बसलेले लोक आमच्याकडे बघू लागले. फोनमधून काहीच येईना. तिकडे हिंगणीला रेंज कधी धड नसते.

जो माणूस चहा एका जागी उभा राहून पीत नाही, तो हात वर करून उभा होता. हललाही नाही. कोकिळाबाई माझ्याकडे बघत होत्या. मी बघितलं नाही.

मग त्या गिरदीवरून, बारीक, उशिरा, खंजिरी आली. आधी एक थाप. मग दुसरी. मग दुप्पट.

उमाटेभाऊंनी हात खाली घेतला आणि शेवटचं कडवं उचललं. एकही शब्द गिळला नाही.